एआयनं काम सोपं झालं, मग 'मला येतं' ही खात्री का उडतेय?

सिंहगडरोड

मी हिंजवडीत फेज २ ला एका कंपनीत बॅकएंड टीम सांभाळतो. जावा, पेमेंटशी संबंधित सर्व्हिसेस. टीममधले निम्मे लोक चार वर्षांपेक्षा कमी अनुभवाचे. कोड लिहायला एआय असिस्टंट सगळ्यांकडे आहे आणि तो वापरा असा वरूनच आग्रह आहे. मी स्वतः रोज वापरतो. तो बंद व्हावा असं मला मुळीच वाटत नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे चर्चा त्या वळणावर जायला नको.

पण हल्ली वन-ऑन-वनमध्ये एक गोष्ट सारखी ऐकू येते. पगार, प्रमोशन, घरून काम हे नेहमीचे विषय संपले की माणूस थोडा थांबतो आणि म्हणतो, "सर, खरं सांगू? मला स्वतःला येतं की नाही हेच कळेनासं झालंय." असं म्हणणारी मुलं कामचुकार नसतात. उलट टीममधली सगळ्यात प्रामाणिक मुलंच हे बोलतात. पीआर, म्हणजे कोडमधला बदल, मर्ज झालेला असतो, रिव्ह्यूत फारसं काही निघालेलं नसतं, तरी तो कोड त्यांना आपला वाटत नाही. शाबासकी दिली तर ती अंगी लागत नाही. आणि मीटिंगमध्ये कुणी "हे असंच का केलंस?" विचारलं की पोटात गोळा येतो.

एक प्रसंग जरा तपशिलात सांगतो. रिलीजनंतर आमची एक सर्व्हिस दर काही तासांनी अडकायची. रिस्टार्ट केली की चालू, संध्याकाळपर्यंत पुन्हा बंद. लॉगमध्ये दिसायचं की डेटाबेसचं कनेक्शन मिळत नाही, टाइमआउट. टीममधल्या एका मुलीनं लॉग एआयला दिला. त्यानं सांगितलं, कनेक्शन पूल, म्हणजे तयार ठेवलेल्या कनेक्शनचा साठा, वाढवा. वाढवला. फरक एवढाच पडला की अडकायला जास्त वेळ लागू लागला. पुन्हा विचारलं तर टाइमआउट वाढवा, मग क्वेरीला इंडेक्स लावा. उत्तरं सगळी मुद्देसूद, एरवी कुठेही बरोबर ठरतील अशी.

मग आम्ही दोघं शेजारी बसलो. पूलचे मेट्रिक्स उघडले. अ‍ॅक्टिव्ह कनेक्शनचा आकडा चढत होता, पण दुपारी ट्रॅफिक कमी झालं तरी तो उतरत नव्हता. म्हणजे पूल लहान नव्हता. घेतलेलं कनेक्शन कुठेतरी परत दिलं जात नव्हतं. शोधत गेलो तर रिफंडच्या कोडमध्ये एका ठिकाणी एक्सेप्शन आली की क्लोज करण्याच्या ओळीपर्यंत कोड पोचतच नव्हता. चार ओळींचा बदल केला आणि प्रश्न मिटला.

नंतर चहाला गेलो तेव्हा ती म्हणाली, "आकडा उतरत नाहीये हे मला सकाळीच दिसलं होतं. पण एआयनं तसं काही म्हटलं नाही, म्हणून वाटलं माझंच काहीतरी चुकतंय."

मला काळजी वाटते ती याची. तिला येत होतं. नेमकं दिसलंही होतं. पण आपल्याला दिसलं ते खरं, असं चारचौघांत म्हणायचं बळ नव्हतं. प्रॉडक्शन रात्री दोन वाजता पडतं तेव्हा कामाला येतं ते हेच बळ.

२०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्च आणि कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी ३१९ लोकांना त्यांच्या रोजच्या कामातल्या एआयच्या वापराबद्दल विचारलं. एआयवर ज्यांचा भरवसा जास्त, ते स्वतः विचार कमी करतात आणि स्वतःच्या कौशल्यावर ज्यांचा भरवसा जास्त, ते उत्तर जास्त तपासतात, असं त्यात दिसलं. लोकांनी स्वतःबद्दल दिलेल्या माहितीवर तो अभ्यास आहे, त्यामुळे कशामुळे काय होतं हे त्यावरून सिद्ध होत नाही. पण मला त्यात एक चक्र दिसतं. आत्मविश्वास कमी, म्हणून तपासायचं नाही. तपासलं नाही, म्हणून आपण बरोबर होतो हे कधी कळत नाही. म्हणून आत्मविश्वास आणखी कमी.

तुमच्या क्षेत्रात काय चित्र आहे? आणि हाताखालच्या नव्या लोकांसाठी तुम्ही काही वेगळं करता का? सविस्तर लिहा.

---

भोसरी_ते_चाकण

मी निवृत्त टूल डिझायनर. उमेदीची सगळी वर्षं जिग्ज आणि फिक्श्चर्समध्ये, म्हणजे मशीनवर पार्ट धरून ठेवणाऱ्या साधनांत, गेली. आम्ही ड्रॉइंग बोर्डवर, मिनी ड्राफ्टरवर शिकलो. ऑटोकॅड आलं तेव्हा जुने ड्राफ्ट्समन म्हणायचे की आता पोरांचा हात जाणार. हात गेला हे खरं, पण त्याचं कुणाचं काही अडलं नाही. त्याच पोरांनी पुढे थ्रीडीमध्ये अशा असेंब्ली केल्या की आम्हाला बोर्डवर स्वप्नातही जमल्या नसत्या. प्रत्येक पिढीला वाटतं की पुढच्या पिढीचा पाया कच्चा राहणार. थोडा काळ जाऊ द्या, या मुलांचा आत्मविश्वास वेगळ्या जागी उभा राहील.

---

सिंहगडरोड

काका, तुमचा मुद्दा मी नेहमी मनात घोळवतो, आणि बऱ्याच बाबतीत तो खराही आहे. मला कोडची सिंटॅक्स पाठ नाही याचं दुःख नाही. पण कॅडनं रेष काढायचं काम घेतलं. पार्ट कुठे टेकवायचा, कुठून क्लॅम्प करायचा हे ते सांगत नव्हतं. तो निर्णय तुमच्याकडेच होता. एआय निर्णयच तयार करून देतं, कारणांसकट. अडचण तिथे आहे.

लिझान बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये एक निबंध लिहिला होता, कारखान्यांतल्या स्वयंचलित यंत्रणांवर. सोपं काम यंत्राकडे जातं, अवघड प्रसंग माणसाकडे राहतात. पण त्या अवघड प्रसंगांना लागणारा सराव त्या सोप्या कामातूनच मिळत असतो आणि तो तर गेलेला असतो. चाळीस वर्षांपूर्वीचं निरीक्षण आहे, पण माझ्या टीमला जसंच्या तसं लागू पडतं.

---

शब्दवेध

जर्मन-मराठी-इंग्रजी अनुवाद करते. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकले, तेव्हा कोशाची पानं उलटत एकेक वाक्य लावायचो.

आमच्याकडे हे तुमच्यापेक्षा बरंच आधी सुरू झालं. एजन्सी आता कोरा मजकूर पाठवतच नाहीत. मशीननं केलेला अनुवाद येतो, तो 'सुधारून' द्यायचा आणि दर अर्थातच कमी. पैशांचा विषय वेगळा, त्यावर मी इथे लिहीत नाही. मनावर काय होतं ते सांगते.

वर्षानुवर्षं दुसऱ्याचं वाक्य दुरुस्त करत राहिलं की आपलं वाक्य सुचायला वेळ लागतो. समोर एक बरं वाक्य असतंच. ते वाईट नसतं, म्हणून खोडवत नाही. चांगलंही नसतं, म्हणून समाधान होत नाही. दिवसअखेर पानं खूप झालेली असतात आणि यातलं मी काय केलं, असा प्रश्न पडतो. माझ्या काही मैत्रिणींनी एवढ्याचसाठी हे काम सोडलं. त्यांचा जर्मनवरचा हात उत्तम होता. कामात त्याला काही वावच उरला नव्हता.

मी एक पथ्य पाळते. दर महिन्याला निदान एक काम असं घ्यायचं की ज्यात मशीनचा मसुदा आधी बघायचा नाही. माझा झाल्यावर हवा तर ताडून पाहायचा. त्या दिवशी दमायला होतं, पण रात्री मी अनुवादक आहे असं वाटतं. हे वाटणं मला पुढचा महिनाभर पुरतं.

---

वाकड_पीजी

दादा, धागा वाचून काल झोपच आली नाही. मी नांदेड जिल्ह्यातला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, इंजिनिअरिंग तिकडेच. पुण्यात नोकरीला येऊन फार काळ झालेला नाही.

आधी दुसरी बाजू सांगतो, कारण इथे ती कुणी लिहिलेली नाही. मला आत्मविश्वास एआयमुळे आला. सुरुवातीला क्लायंटला साधा ईमेल लिहायचा म्हणजे माझा अर्धा तास जायचा. एकदा माझं वाक्य एका वरिष्ठानं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं आणि लोक हसले. त्यानंतर मी कॉलवर बोलणंच बंद केलं. काम येत असून मागे राहिलो. मग ईमेल एआयकडून नीट करून घ्यायला लागलो. आधी आख्खा त्याच्याकडूनच लिहून घ्यायचो. पुढे मी लिहायचो आणि तो सुधारायचा. तो काय बदलतो ते बघत गेलो. आता बरेच ईमेल तसेच जातात, त्याला विचारावंही लागत नाही. कॉलवरही बोलतो. त्यामुळे एआयनं आत्मविश्वास जातो, असं सरसकट म्हटलं की मला ते पटत नाही. आमच्यासारख्यांना घरी इंग्रजी सांगणारं कुणी नव्हतं.

पण कोडच्या बाबतीत तुम्ही लिहिलंय ते अगदी माझं आहे. मागे एका ठिकाणी इंटरव्ह्यू दिला. स्क्रीन शेअर, एआय बंद. प्रश्न सोपा होता. ऑफिसात असले प्रश्न मी रोज सोडवतो. कोरी फाइल समोर आली आणि डोकं रिकामं. पहिली ओळच सुचेना. त्या दिवसापासून मनात बसलंय की मला काहीच येत नाही, इतके दिवस नुसतं ढकललंय.

एकाच वस्तूनं इंग्रजीत मला उभं केलं आणि कोडिंगमध्ये बसवलं. असं का होत असेल?

---

नदीकाठ_औंध

वाचतेय. नवऱ्याला आणि भाच्याला दोघांनाही धागा पाठवला.

---

मनमोकळे

@वाकड_पीजी, समुपदेशक म्हणून काम करते, आयटीतले बरेच तरुण येतात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच प्रतिसादात आहे. ईमेल पुढे पुढे तुम्ही आधी स्वतः लिहीत होता आणि सुधारणा नंतर बघत होता. कोडमध्ये उत्तर आधी बघता आणि स्वतःचा विचार नंतर करता, किंवा त्याची वेळच येत नाही.

अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये यावर महत्त्वाची मांडणी केली. 'हे मला जमेल' ही खात्री माणसाला कशातून मिळते? इतरांना करताना पाहून मिळते, कुणी धीर दिला तर मिळते, त्या क्षणी शरीर शांत आहे की घाबरलेलं आहे यावरूनही ठरते. पण सगळ्यात पक्की खात्री येते ती स्वतः झटून जमवलेल्या कामातून. त्यांनी असंही म्हटलंय की नुसतं सोपं यश मिळत गेलेला माणूस पहिल्या अपयशाला लवकर खचतो. धागाकर्त्यांनी लिहिलंय ना, शाबासकी अंगी लागत नाही म्हणून? ती लागेल कशी? ज्या कामासाठी शाबासकी मिळाली ते आपण केलं, असं मनाला मान्यच नसतं.

म्हणून ईमेलमुळे आलेला आत्मविश्वास तुमचाच आहे, तो कमावलेला आहे. त्याला कुणी उसना म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

आणखी एक गोष्ट, जी माझ्याकडे येणाऱ्या मुलांत सतत दिसते. लोक एआयचा वापर लपवतात. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये चार प्रयोगांतून दाखवलं की एआय वापरणाऱ्याला लोक जास्त आळशी आणि कमी कुवतीचा समजतात, आणि वापरणाऱ्यालाही हीच भीती असते. मग मुलं लपवतात. लपवलं की 'इथे मला कळत नाहीये' असं मोकळेपणानं विचारता येत नाही, कारण विचारलं तर बिंग फुटेल असं वाटतं. अडाणीपण उघडं पडेल या भीतीत माणूस दिवसाचे नऊ तास बसला, तर आत्मविश्वास राहील कुठून? टीम लीडनं स्वतःहून 'मी हे एआयकडून करून घेतलं, हे मी केलं' असं रोज बोलून दाखवलं तर पुष्कळ ताण कमी होतो.

अवांतर: झोप उडणं, सकाळी लॅपटॉप उघडताना छातीत धडधडणं हे आठवडेच्या आठवडे चालू असेल तर तो फक्त एआयचा विषय नाही. माणसाला भेटा, डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला.

---

रक्तदाब_१२०_८०

चांगला धागा. आमच्या क्षेत्रातून एक ठोस आकडा देतो.

मोठ्या आतड्याची कोलोनोस्कोपी करताना हल्ली स्क्रीनवर एआय असतो. पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची वाढ, दिसला की त्याभोवती चौकट उमटते. पोलंडमधल्या चार केंद्रांचा अभ्यास २०२५ मध्ये लॅन्सेटच्या गॅस्ट्रोएंटरॉलॉजीच्या नियतकालिकात आला. त्यांनी एआय नसताना केलेल्या तपासण्यांची तुलना केली. केंद्रात एआय यायच्या आधी डॉक्टरांना २८.४ टक्के तपासण्यांत अ‍ॅडिनोमा, म्हणजे पुढे कर्करोग होऊ शकेल अशी गाठ, सापडत होती. एआयची सवय झाल्यावर त्याच्याविना केलेल्या तपासण्यांत हे प्रमाण २२.४ टक्क्यांवर आलं. हे डॉक्टर नवशिके नव्हते, चांगले अनुभवी होते. निरीक्षणात्मक अभ्यास आहे, रुग्णसंख्या किंवा कामाचा ताण अशी दुसरी कारणंही असू शकतात. तरी मी तो वाचल्यापासून माझ्या सवयींकडे जास्त लक्ष देतो. डोळा चौकटीची वाट बघायला लागतो, हे मला शक्य वाटतं.

आत्मविश्वासाबद्दल मात्र थोडं वेगळं म्हणणं आहे. आमच्यात धोका दोन्हीकडून असतो. ज्याचं कौशल्य घसरलंय त्याला ते घसरल्याचं कळतंच असं नाही. त्याचा आत्मविश्वास शाबूत असतो आणि गाठ सुटते. तुमच्या टीममधली मुलगी घाबरली, हे माझ्या दृष्टीनं त्यामानानं बरं लक्षण आहे. तिला निदान जाणीव आहे.

उपाय म्हणाल तर आमच्या शिक्षणात तो पूर्वीपासून आहे. वॉर्ड राउंडला रेसिडेंटनं आधी रुग्ण मांडायचा. इतिहास, तपासणी, तुझं निदान काय, आणखी काय असू शकतं. सर त्यानंतर बोलणार. सरांना उत्तर माहीत असतं, तरी ते थांबतात. निदान चुकलं तरी चालतं, पण सरांचं ऐकून मग मान डोलावली तर काहीच शिकता येत नाही. माझ्याकडच्या ज्युनिअर्सना मी एवढंच सांगतो की एआयलाही सरांच्या जागी बसवा. आधी स्वतःचं निदान कागदावर, मग त्याला विचारा.

---

खराडी_नाइटशिफ्ट

सगळं छान आहे, पण वेळ कुठून आणायचा?

मी कस्टमर सपोर्टमध्ये टीम लीड आहे. आमच्याकडे एआय उत्तर सुचवतं, एजंट वाचून पाठवतो. याचा नवख्यांना फायदा होतो हे मी रोज बघतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी पाच हजारांहून जास्त सपोर्ट एजंटांचा अभ्यास केला होता, त्यात सरासरी कामगिरी १४ टक्क्यांनी आणि नवख्यांची तर ३४ टक्क्यांनी वाढलेली दिसली. जुन्यांना फारसा फरक पडला नाही. आमच्याकडेही तसंच. नवीन मुलं पहिल्या महिन्यातच चिडलेल्या ग्राहकाला हाताळतात. त्यांना आत्मविश्वास मिळतोय, हे नाकारता येणार नाही.

पण मग काय होतं? मॅनेजमेंट टार्गेट वाढवतं. नवख्याला विचार करायला मिळणारी मिनिटंच राहत नाहीत. तुम्ही म्हणता आधी स्वतः विचार करा, मग एआयला विचारा. माझा एजंट तसं करायला बसला तर त्याचा हँडल टाइम, म्हणजे एका ग्राहकामागे लागणारा वेळ, वाढतो आणि महिन्याअखेर त्यालाच बोलावून जाब विचारतात. म्हणजे ज्यानं शिकायचा प्रयत्न केला तो आकड्यांत मागे. हा प्रश्न मुलांच्या मानसिकतेचा आहे असं म्हणून सोडून देता येणार नाही. टार्गेट कोण ठरवतं, ते बघा.

---

सिंहगडरोड

@खराडी_नाइटशिफ्ट, शंभर टक्के सहमत, आणि माझ्यासारख्यांची जबाबदारी इथेच सुरू होते.

वरच्यांशी बोलताना मी एक अभ्यास पुढे करतो. मीटर नावाच्या संस्थेनं २०२५ च्या सुरुवातीला अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपर्सवर प्रयोग केला. १६ जण, २४६ कामं, काही एआय वापरून आणि काही न वापरता. त्यांना आधी वाटत होतं की एआयनं वेळ २४ टक्क्यांनी कमी लागेल. झाल्यावर वाटलं की २० टक्क्यांनी कमी लागला. मोजलं तेव्हा १९ टक्के जास्त लागला होता. लोक थोडे आहेत, ओळखीच्या कोडवर काम करणारे आहेत, आणि तेव्हाची टूल्स आजच्यापेक्षा जुनी. त्यामुळे एआयनं वेग कमीच होतो असं मी कुणाला सांगत नाही. मला त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. वेग वाढला की घटला, हे करणाऱ्यालाही नुसत्या वाटण्यावरून कळत नाही. मग त्याच वाटण्यावर टार्गेट कसं वाढवायचं?

आमच्याकडे एवढं मान्य झालंय की नव्या मुलांच्या कामाचा अंदाज देताना समजून घ्यायचा वेळ वेगळा धरायचा. स्प्रिंटमध्ये, म्हणजे ठरावीक आठवड्यांच्या कामाच्या आखणीत, तो दिसतो, कुणी त्याला आळस म्हणत नाही. सपोर्टमध्ये हे किती जमेल, कल्पना नाही. पण हँडल टाइममधून आठवड्याचे काही कॉल वगळून मागता येतात का, बघा.

---

सदाशिव_लेखा

सीए आहे. लहान ऑफिस, आर्टिकल्सची, म्हणजे सीए होण्याआधी हाताखाली प्रशिक्षण घेणारी, मुलं-मुली.

आमच्याकडचा पेच असा. नव्या योजनेत १ जुलै २०२३ पासून आर्टिकलशिप तीन वर्षांची दोन वर्षं झाली. शिकायला वेळ कमी झाला आणि त्याच सुमारास एआय आलं. पूर्वी जीएसटीची एएसएमटी-१० नोटीस आली की मुलं आठवडाभर त्यात असायची. आपल्या ३बी रिटर्नमध्ये घेतलेलं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) आणि सप्लायरच्या रिटर्नवरून बनणाऱ्या २ए मध्ये दिसणारं क्रेडिट जुळत नाही, म्हणून खात्यानं विचारलेलं असतं. मग एकेक बिल काढायचं. कुठे सप्लायरनं चुकीचा जीएसटी नंबर टाकलाय, कुठे त्यानं रिटर्न उशिरा भरलंय, कुठे बिल पुढच्या महिन्यात गेलंय. कंटाळवाणं काम, पण त्यातूनच नजर तयार होते.

आता उत्तराचा मसुदा दहा मिनिटांत येतो. भाषा माझ्यापेक्षा चांगली. कलमं, परिपत्रकं सगळं. परवा माझ्याकडच्या मुलीला येरवड्याला जीएसटी भवनात सुनावणीला सोबत नेलं. मसुदा तिनंच एआयकडून केला होता आणि तो बरोबर होता, मी तपासला होता. अधिकाऱ्यांनी साधं विचारलं, २०१७-१८ च्या फरकासाठी सप्लायरचं प्रमाणपत्र चालेल की त्याच्या सीएचं लागेल? डिसेंबर २०२२ च्या १८३ क्रमांकाच्या परिपत्रकात ते स्पष्ट आहे. एका सप्लायरमागे वर्षाचा फरक पाच लाखांच्या वर असेल तर सीएचं, नाहीतर सप्लायरचं स्वतःचं. आमच्या उत्तरात ते परिपत्रक उद्धृत केलेलं होतं. तिच्या तोंडून शब्द निघेना. परत येताना गाडीत ती फार गप्प होती.

तेव्हापासून ऑफिसात पद्धत बदलली. बिलं जुळवायचं काम मुलांनीच करायचं, एक्सेलमध्ये, स्वतः. फरकाचं कारण प्रत्येक बिलासमोर स्वतःच्या शब्दांत लिहायचं. मसुद्याची भाषा एआयकडून घेतली तरी माझी हरकत नाही. आणि प्रत्येक संदर्भ मूळ कागद उघडून वाचायचा. हे शेवटचं तर पोटापाण्याचं आहे. मुंबई उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये प्राप्तिकराचा एक आकारणी आदेश रद्द केला, कारण त्यात आधार म्हणून दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. एआयनं दिलेलं डोळे झाकून वापरू नका, आधी पडताळा, असं न्यायालयानं बजावलं.

ती मुलगी पुढच्या सुनावणीला आली तेव्हा तिनं स्वतः बोलायला घेतलं. अडखळली, पण बोलली. कारण कुठलं बिल का जुळत नाही हे तिला पाठ होतं.

---

भोसरी_ते_चाकण

सगळे प्रतिसाद वाचले. सिंहगडरोड, तुम्ही कॅडचा जो फरक सांगितलात तो मला पटला. त्यावरून आमच्याकडचं खरं जुळणारं उदाहरण आठवलं, ते कॅडचं नाही, एफईएचं.

फिक्श्चर डिझाइनमध्ये पहिला धडा थ्री-टू-वन. पार्ट खाली तीन बिंदूंवर टेकवायचा, बाजूला दोन, टोकाला एक. सहा टेकू, की पार्ट हलत नाही. ते बिंदू कुठे घ्यायचे याला अक्कल लागते. पुढे एफईए सॉफ्टवेअर आलं. क्लॅम्पिंगचा जोर टाकला की पार्ट किती वाकेल याचं रंगीत चित्र यायचं. लाल, पिवळं, हिरवं. नवीन पोरं चित्र घेऊन यायची आणि म्हणायची, सर, ठीक आहे. का ठीक आहे विचारलं तर चित्राकडे बोट.

मग मी नियम केला. सॉफ्टवेअर उघडायच्या आधी वहीत हातानं हिशोब करायचा. अगदी ढोबळ, साधी बीम धरून. किती वाकेल? दहा मायक्रॉन की शंभर? आकडा लिहायचा, खाली सही करायची. मग सॉफ्टवेअर चालवायचं. दोन्ही जवळपास आले तर पुढे जायचं. दुपटीपेक्षा जास्त फरक आला तर कुणाचं चुकलं ते शोधल्याशिवाय जागचं उठायचं नाही.

सुरुवातीला पोरांचं चुकायचं. पण अधूनमधून असं व्हायचं की पोराचा आकडा बरोबर आणि सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी टेकूच चुकीचा लावलेला. त्या दिवशी त्या पोराची चालच बदलायची. तुमच्या त्या मुलीनं 'आकडा उतरत नाही' एवढं सकाळी कागदावर लिहून ठेवलं असतं, तर दुपारी पुरावा तिच्या हातात असता. मनात आलेलं माणूस सोडून देतो. लिहिलेलं सोडता येत नाही.

---

शब्दवेध

काका, सही करायची ही कल्पना मी उचलते.

---

वाकड_पीजी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काका, मी आज ऑफिसात हेच केलं. एक टेस्ट फेल होत होती. एआयला विचारायच्या आधी वहीत एक ओळ लिहिली, टाइमझोनचा घोळ असेल. मग विचारलं. त्यानं दुसरंच कारण दिलं, आणि ते बरोबर निघालं. पण वाईट नाही वाटलं. मी टाइमझोन का म्हटलं आणि ते का नव्हतं, हे पहिल्यांदाच नीट कळलं.

दादा, दोन प्रश्न. एक, पुढच्या इंटरव्ह्यूसाठी सराव कसा करू? दोन, तुमच्यासारखी सर्व्हिस अडकली की थ्रेड डंप बघतात, म्हणजे त्या क्षणी प्रोग्राममधला प्रत्येक थ्रेड कुठल्या ओळीवर आहे त्याची नोंद, तो मला वाचता येत नाही. आमच्याकडे सगळे एआयलाच देतात.

---

सिंहगडरोड

इंटरव्ह्यूचं आधी. नवीन अवघड प्रश्न शोधत बसू नका. गेल्या काही महिन्यांत तुमच्या हातून मर्ज झालेला एखादा छोटा बदल घ्या, जो मुळात एआयनं लिहिला होता. कोरी फाइल उघडा, एआय बंद, नेट बंद, आणि तेवढाच भाग पुन्हा लिहा. अडलात तर अडलेली जागा मोठ्यानं बोला, मित्राला समोर बसवून. इंटरव्ह्यू घेताना मी तरी हेच बघतो. पहिली ओळ सुचली नाही तर उमेदवार गप्प होतो, की 'इनपुट काय आहे ते आधी मांडतो' असं म्हणून सुरुवात करतो. पहिली ओळ परिपूर्ण असायची गरज नसते.

थ्रेड डंप वाटतो तेवढा अवघड नाही. जेस्टॅक या कमांडनं एकच डंप घेऊ नका. दहा-दहा सेकंदांच्या अंतरानं तीन घ्या. तिन्हींमध्ये त्याच ओळीवर उभे असलेले थ्रेड शोधा. ब्लॉक्ड असेल तर तो कुठल्या लॉकसाठी थांबलाय आणि तो लॉक कुणाकडे आहे, हे दोनच प्रश्न विचारा. वेटिंग दिसला म्हणून घाबरू नका, पूलमधले रिकामे थ्रेड वेटिंगच असतात. तुमच्या स्वतःच्या पॅकेजचं नाव ज्या ओळीत पहिल्यांदा येतं तिथपासून वाचा, वरची लायब्ररीची नावं सुरुवातीला सोडून द्या. काय दिसतंय ते एका ओळीत लिहा आणि मगच एआयला द्या.

कंपनीचा डंप इथे टाकू नका, त्यात नको ती माहिती असते. मी घरी एक छोटी सर्व्हिस मुद्दाम बिघडवून ठेवतो, कनेक्शन गळणारी. शनिवारी तिची लिंक इथेच देईन. आणखी कुणाला हवी असेल तर सांगा.

---

खराडी_नाइटशिफ्ट

मला हवी. माझ्या टीममधली दोन मुलं सपोर्टमधून डेव्हलपमेंटकडे जायचं म्हणतायत, त्यांना बसवतो.